वीज वाहून आणणाऱ्या तारांची मालकी

(विटा येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विजेच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांना होते. एक टोक वीज जेथे तयार होते त्या धरणाचे वा औष्णिक केंद्राचे. दुसरे टोक घरातल्या मीटरचे आणि महिन्याच्या बिलाचे. या दोहोंच्या मध्ये मनोरे, तारा आणि उपकेंद्रे यांचे जे अफाट जाळे पसरलेले आहे, त्याकडे शेतात मनोरा उभा राहीपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विट्याच्या मागवाल्याला यंत्रमागाचा वीजदर तोंडपाठ असतो. सत्तावीस अश्वशक्तीच्या आतला जोडभार आणि त्यावरचा जोडभार यांत सवलतीचा किती फरक पडतो, हे तो बोटांवर मोजून सांगेल. परंतु मागाची मोटर फिरवणारी वीज कोणत्या वाटेने आली आणि त्या वाटेची मालकी कोणाची, हे त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही कोणाला विचारीत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत वीज क्षेत्रातील मालकीचा मोठा पालट याच न विचारलेल्या ठिकाणी होत आला आहे.

वीजबिलावर स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो. ‘वहन’ या शब्दामुळे ग्राहकाला वाटते की दूरवरून वीज वाहून आणल्याचा हा मोबदला असावा. वास्तविक तो आकार वितरण कंपनीच्या तारांचा, म्हणजे गावातल्या व गावालगतच्या तारांचा असतो. चंद्रपूर, कोराडी वा कोयनेहून वीज आणणाऱ्या अतिउच्चदाब वाहिन्यांचा खर्च वीज आकाराच्या पोटात जिरलेला असतो. तो वेगळा दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मोर्चा निघत नाही.

पारेषणाचे जाळे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. विजेला पाण्याप्रमाणे मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. अलीकडे बॅटऱ्या येत आहेत, परंतु राज्याची कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे आणि तिच्या तुलनेत हा साठा अजून तोकडा आहे. त्यामुळे ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. हा तोल सांभाळला जातो की नाही हे सांगणारा काटा म्हणजे वारंवारता. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ, अशी ठरलेली आहे, आणि ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ती राखायची असते. वापर वाढला की काटा खाली येतो, निर्मिती जास्त झाली की वर जातो. महाराष्ट्रात हा काटा सांभाळण्याचे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र अहोरात्र करते. त्याच्या वर मुंबईत पश्चिम विभागाचे आणि दिल्लीत राष्ट्रीय केंद्र आहे.

या जाळ्यात शिरलेली वीज कोणत्या कारखान्याची, हे ओळखता येत नाही. कोयनेचे पाणी, चंद्रपूरचा कोळसा आणि वनकुसवडे पठारावरचा वारा या सर्वांची वीज तारेत एकरूप होते. खरेदी-विक्रीचे करार कागदावर होतात. प्रत्यक्षात वीज भौतिकशास्त्राच्या नियमाने, जिकडे विरोध कमी तिकडे जाते. एखाद्या कंपनीने ‘आमची वीज अमुक ग्राहकाला’ असे म्हणणे म्हणजे सामायिक विहिरीत घागर ओतून दुसऱ्या बाजूने ‘माझेच पाणी’ म्हणून ते उपसण्यासारखे आहे. जाळे एकच असते आणि ते एकाच हुकमतीखाली चालवावे लागते. अर्थशास्त्रात ज्याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात, तिचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. विटा आणि कराड यांच्या दरम्यान दोन कंपन्यांनी मनोऱ्यांच्या दोन समांतर रांगा उभ्या करून एकमेकींशी स्पर्धा करावी, असे कोणी शहाणा माणूस सुचवणार नाही. मक्तेदारी अटळच असेल तर उरतो तो एवढाच प्रश्न : ती मक्तेदारी कोणाच्या हाती असावी आणि तिने कोणाला जाब द्यावा?

हा प्रश्न समाजवाद्यांनीच काढला असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये १९२६ साली बाल्डविन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने कायदा करून मध्यवर्ती वीज मंडळ स्थापन केले आणि देशभरचे पहिले एकसंध जाळे सार्वजनिक संस्थेकडून उभारून घेतले. शेकडो खासगी व नगरपालिकांच्या वीजकंपन्या आपापल्या दाबाने व आपापल्या वारंवारतेने वीज देत होत्या. त्या गोंधळातून उद्योगधंदे वर येणार नाहीत, हे भांडवलदारांच्याच सरकारला पटले होते.

आपल्याकडे महाराष्ट्रात विजेची सुरुवात खासगी भांडवलाने झाली. टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याच साखळीतल्या पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील गावांची जमीन गेली आणि १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. वीज शहराकडे आणि पाण्याखाली गेलेली शेते मावळ्यांची, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीजविकासाचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज मुबलक व स्वस्त झाल्याखेरीज हिंदुस्थानचे औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणाखेरीज शेतीवरचा माणसांचा बोजा हलका होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. आणि हे काम सरकारने हाती घ्यावे असा तिचा कल होता. मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळाची स्थापना याच काळातली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली वीज पुरवठा कायदा झाला तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते काकासाहेब गाडगीळ. राज्य वीज मंडळांचा जन्म या कायद्यातून झाला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० च्या जूनमध्ये अस्तित्वात आले, आणि १९६२ साली कोयनेचे पहिले संच फिरू लागले.

कोयनेचा उल्लेख सातारा-सांगलीच्या श्रोत्यांसमोर जपूनच करावा लागतो. धरणाखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तीन पिढ्या रेंगाळला. वीज डोक्यावरून मुंबईकडे गेली आणि धरणग्रस्ताच्या घरात कंदील राहिला, हे वाक्य सभांतून इतके वेळा ऐकू आले की त्याची धार गेली. तरी ते खोटे नव्हते. परंतु त्याच जाळ्याचा दुसरा परिणामही सांगितला पाहिजे. मंडळाने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तारांचे जाळे गावोगाव नेले आणि मंडळाच्या हद्दीत एका वर्गाच्या ग्राहकाला एकच दर ठेवला. ठाण्याच्या कारखान्याजवळ वीज पोचवण्याचा खर्च आणि आटपाडीच्या माळावरल्या पंपाजवळ ती पोचवण्याचा खर्च यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खर्चाप्रमाणे दर लावला असता तर खानापूर-आटपाडीत मोटर बसली नसती आणि विट्यात यंत्रमागांचा खडखडाट झाला नसता. जाळे सार्वजनिक असल्यामुळेच हा समान दर शक्य झाला. दुष्काळी म्हणून शिक्का बसलेल्या या तालुक्यातली माणसे गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली. जी मागे राहिली त्यांना माग आणि मोटर या दोन गोष्टींनी धरून ठेवले, आणि दोन्ही विजेवर चालतात. आता टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी कराडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून वर आणले जाते. त्या योजनेच्या वीजबिलातील ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी उचलावा, असे सूत्र ठरले. म्हणजे या भागात विजेच्या प्रत्येक पैशाचा हिशेब हा पाण्याचाही हिशेब आहे.

मंडळाचा कारभार स्वच्छ होता असे मात्र कोणी म्हणू नये. डाव्या चळवळीने सार्वजनिक क्षेत्राची पाठराखण करताना त्याच्या दोषांवर पांघरूण घालण्याची सवय लावून घेतली आणि ती तिला महागात पडली. वहन-वितरणातील गळती पंधरा-सोळा टक्क्यांच्या आसपास आहे, असे मंडळ वर्षानुवर्षे सांगत आले. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला, आकडे तपासले जाऊ लागले, आणि गळती तीस टक्क्यांच्या वर असल्याचे मंडळालाच मान्य करावे लागले. मधली वीज कोठे गेली? ती मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावावर लिहिली जात होती. चोरी शहरात आणि कारखान्यात, बदनामी शेतकऱ्याची. खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना हत्यार हवे होते. ते मंडळाने स्वतःच घासून-पुसून त्यांच्या हाती दिले.

त्याआधी एन्रॉन येऊन गेली होती. डिसेंबर १९९३ मध्ये दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला. मृणालताई गोरे, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध रान उठवले. करार पुन्हा तपासला गेला आणि पुन्हा स्वीकारला गेला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणे थांबवले, कारण ती परवडण्यापलीकडे गेली होती. त्या कराराचे मर्म असे होते की वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यावाच लागेल. जोखीम जनतेची आणि परतावा कंपनीचा. हे मर्म लक्षात ठेवले म्हणजे पुढचा भाग कळण्यास सोपा जातो.

२००३ साली संसदेने नवा विद्युत कायदा केला. त्याला अनुसरून ६ जून २००५ रोजी मंडळाची एक सूत्रधारी कंपनी व तीन कामकाजी कंपन्या झाल्या : महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण. विभाजनाच्या समर्थनार्थ असे सांगण्यात आले की निर्मिती, पारेषण आणि वितरण एकाच हाती असले की हिशेब झाकले जातात, अकार्यक्षमता पोसली जाते आणि बाहेरच्या निर्मात्याला जाळ्यात शिरकाव मिळत नाही. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मंडळाच्या गळतीची हकिकत वर आलीच आहे. पण या युक्तिवादाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

तीन कंपन्यांपैकी महावितरणकडे तोटा आणि थकबाकी गेली, महानिर्मितीकडे जुनी केंद्रे गेली. महापारेषणकडे आले ते सर्वांत निर्धोक काम. आज तिच्याकडे सातशेहून अधिक अतिउच्चदाब उपकेंद्रे आहेत. पारेषणातील गळती तीन टक्क्यांच्या आसपास असते. घरोघर फिरून वसुली करावी लागत नाही, आकडे टाकून चोरी करणारा दोन लाख वीस हजार व्होल्टच्या तारेकडे फिरकत नाही. पैसे मिळतात ते वाहिनी उपलब्ध ठेवल्याबद्दल. तीतून वीज किती वाहिली यावर ते अवलंबून नसतात. राज्यातील सर्व पारेषण कंपन्यांचा आयोगाने मान्य केलेला वार्षिक खर्च एकत्र केला जातो आणि तो वितरण कंपन्यांकडून त्यांच्या मागणीच्या प्रमाणात वसूल होतो. वाहिनीत वीज किती वाहावी हे वाहिनीच्या मालकाच्या हातात नसते, म्हणून ही पद्धत तत्त्वतः योग्यच आहे. परंतु गुंतवणूकदाराच्या नजरेतून तिचा अर्थ असा की खर्च झाला की उत्पन्न ठरले. केंद्रीय आयोगाने २००९ पासून पुढची पंधरा वर्षे भागभांडवलावर साडेपंधरा टक्के परताव्याचा पाया मान्य केला होता. जवळजवळ निर्धोक व्यवसायाला साडेपंधरा टक्के!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवावी लागते. जुन्या कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीने वीज मंडळांनी निव्वळ स्थिर मालमत्तेवर किमान तीन टक्के शिल्लक दाखवावी असे ठरले होते. हे तीन आणि ते साडेपंधरा यांची सरळ तुलना करून टाळ्या घेणारे वक्ते आहेत. ती तुलना बरोबर नाही. साडेपंधरा टक्के मिळतात ते भांडवलातील सुमारे तीस टक्के भागावर. उरलेले सत्तर टक्के कर्ज असते. एकूण मालमत्तेवर हिशेब केला तर हा परतावा साडेचार-पावणेपाच टक्क्यांच्या घरात जातो. फरक आहे, पण घोषणेइतका नाही. खरा फरक अन्यत्र आहे. मंडळाची शिल्लक, जेव्हा केव्हा उरली तेव्हा, माळावरच्या पुढच्या खांबासाठी उरत होती. कंपनीची शिल्लक लाभांश म्हणून निघून जाते.

पारेषणात खासगी भांडवल एका दारातून आले नाही. त्यासाठी केंद्राने १९९८ सालीच कायद्यात वाट करून दिली होती. सह्याद्रीच्या या बाजूला सर्वांत जवळचे उदाहरण जयगडचे. रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडच्या खासगी औष्णिक केंद्राची वीज घाटावर आणण्यासाठी नवीन कोयना आणि कराड येथवर चारशे केव्हीच्या वाहिन्या बांधल्या गेल्या. त्या बांधणाऱ्या कंपनीत जिंदाल समूहाचे ७४ टक्के आणि महापारेषणचे २६ टक्के भांडवल. कराडचे उपकेंद्र सार्वजनिक, कोयनेचे जाळे सार्वजनिक. मधला दुवा बहुतांशी खासगी. विदर्भातील तिरोड्यापासून औरंगाबादपर्यंतच्या ७६५ केव्ही वाहिन्यांचा परवाना २०१० साली अदानी समूहाच्या कंपनीला मिळाला, आणि तोही स्पर्धात्मक निविदेने नव्हे, खर्चावर ठरावीक परतावा या पद्धतीने. या वाहिन्यांची गरज नव्हती असे म्हणता येणार नाही. तिरोड्याच्या विजेतला मोठा हिस्सा महावितरणच घेते. पण मग तो मार्ग महापारेषणनेच का बांधू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

आंतरराज्य वाहिन्यांसाठी २०११ पासून सर्वसाधारणपणे स्पर्धात्मक निविदेची पद्धत आली. सर्वांत कमी वार्षिक आकार मागणाऱ्याला काम द्यायचे आणि तो आकार दीर्घ मुदतीसाठी बांधून घ्यायचा, असे तिचे स्वरूप आहे. खर्चावर परतावा देण्यापेक्षा या पद्धतीत अनेक कामांचे दर कमी आले, हे मान्य केले पाहिजे. खर्च जितका फुगेल तितका परतावा फुगतो ही जुन्या पद्धतीची खोट होती, आणि तिचा लाभ सार्वजनिक कंपन्यांनीही घेतला. मात्र केवळ निविदेतला आकडा म्हणजे संपूर्ण हिशेब नव्हे. सोलापूर-रायचूरचे उदाहरण घ्या. विट्याच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर सोलापूर. तेथून रायचूरपर्यंत ७६५ केव्हीच्या दोन वाहिन्या बांधायच्या ठरल्या, कारण दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक जोडले गेलेले नव्हते. एक वाहिनी केंद्र सरकारच्या पॉवरग्रिडकडे, दुसरी निविदेने खासगी कंपन्यांच्या गटाकडे. पॉवरग्रिडची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि त्या एका वाहिनीने काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देश एका वारंवारतेवर आला. खासगी वाहिनी पूर्ण झाली ती २०१४ च्या मध्यास. मधले महिने एवढा मोठा जोड एका वाहिनीवर तोलून धरावा लागला. उशिराचा दंड करारात लिहिता येतो. देशाचे जाळे अधांतरी राहिल्याची किंमत करारात बसत नाही.

जाळे कोसळते म्हणजे काय होते, हे ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांनी दाखवून दिले. बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली आणि पहिल्या दिवशी उत्तर भारत, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ लागली. पश्चिमेचे जाळे त्या वेळी तगले. आठ वर्षांनी मुंबईची पाळी आली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पडघे-कळवा मार्गावरील वाहिन्या एकामागून एक बाहेर गेल्या आणि बाहेरच्या जाळ्यापासून अलग होऊन तग धरण्याची मुंबईची जी व्यवस्था होती तीही कामी आली नाही. लोकल थांबल्या, कोविडचे दिवस, रुग्णालये जनित्रांवर. बाहेरून मुंबईत वीज आणणाऱ्या वाटा अपुऱ्या आहेत हे जाणकार फार आधीपासून सांगत होते. खारघर-विक्रोळी वाहिनी दीर्घकाळ रेंगाळली होती. अखेर निविदेने ती अदानी समूहाकडे गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली.

मुंबईच्या त्या अंधारानंतर खारघर ते आरे या हजार मेगावॉटच्या वाहिनीचे प्रकरण घडले, ते तर पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. सुमारे सात हजार कोटींचे हे काम राज्य आयोगाने निविदा न मागवता अदानी समूहाच्या कंपनीला दिले. टाटा पॉवर न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांचे अपील फेटाळले. राज्यांतर्गत वाहिन्यांसाठी निविदा मागवावी की खर्चाधारित दर ठरवावा, याची मुभा कायद्याने राज्याला दिली आहे, असा निकालाचा आशय होता. निकाल कायद्याला धरून असेल. प्रश्न कायद्याचाच आहे. ‘स्पर्धेमुळे ग्राहकाचा फायदा होईल’ या एका वाक्यावर मंडळ मोडले गेले, आणि जेथे सर्वांत मोठे काम आले तेथे स्पर्धा ऐच्छिक निघाली.

आता विभाजनाच्या मूळ युक्तिवादाकडे परत येता येईल. निर्मिती, पारेषण आणि वितरण एका हाती असू नये, असे २००५ साली लोकांना सांगितले गेले. आज त्याच महाराष्ट्रात एकाच खासगी समूहाचे तिरोड्याला वीज केंद्र आहे, तिरोडा-औरंगाबाद वाहिन्या त्याच्या आहेत, २०१८ साली त्याने मुंबई उपनगरांचे वितरण रिलायन्सकडून विकत घेतले, आणि पुढे नवी मुंबई-ठाणे परिसरात महावितरणच्या हद्दीतच समांतर वितरणाचा परवाना मागितला. कागदावर कंपन्या निराळ्या आहेत. मालक एक आहे. लोकांच्या मालकीचे जे एकत्र होते ते तोडले आणि खासगी मालकीत ते पुन्हा एकत्र जोडले जात आहे. वीज कर्मचाऱ्यांच्या तीसहून अधिक संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला तो या समांतर परवान्याविरुद्ध. पहिल्याच दिवशी सरकारशी बोलणी होऊन तो मागे घेतला गेला. वृत्तपत्रांनी ग्राहकांच्या गैरसोयीच्या बातम्या दिल्या. समांतर परवानाधारक कोणते ग्राहक निवडील, याची चर्चा फारशी झाली नाही. तो ठाण्याचा कारखाना निवडील. खानापूरचा कृषिपंप निवडणार नाही. ठाण्याच्या कारखान्याने जादा दर भरला म्हणून पंपाला कमी दर पडत होता. तो कारखाना निघून गेला की पंपाचा भार शासनाच्या तिजोरीवर येईल, आणि तिजोरी म्हणेल पैसे नाहीत. विट्यातल्या खर्चीवाल्या मागधारकाची सवलतही याच तिजोरीतून येते.

विक्रीचा आणखी एक प्रकार अलीकडे रूढ झाला आहे. त्याला विक्री म्हणत नाहीत. ‘मालमत्तेतून निधी उभारणे’ म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जी यादी जाहीर केली तीत वीज पारेषणाच्या मालमत्तेतून सुमारे ४५ हजार कोटी उभारण्याचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षी पॉवरग्रिडने आपल्या पाच वाहिनी प्रकल्पांचा एक न्यास करून त्याचे हिस्से बाजारात विकले आणि ७,७३५ कोटींच्या आसपास रक्कम उभी केली. बांधण्याची जोखीम संपलेली, भूसंपादनाची भांडणे मिटलेली, पुढची कित्येक वर्षे ठरलेला आकार देणारी अशी ही मालमत्ता. दुभती म्हैस विकून तिच्या पैशांत वैरण घेण्याचा हा व्यवहार आहे. मिळालेल्या पैशांत नव्या वाहिन्या बांधता येतील, हे समर्थन तपासून पाहण्याजोगे आहे. परंतु पॉवरग्रिडसारख्या कंपनीला कर्ज स्वस्तात मिळते, तेव्हा भविष्यातले खात्रीचे उत्पन्न विकण्याची निकड कोणती, हे कोणी स्पष्ट केलेले नाही.

परदेशांतही या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. फिलिपीन्समध्ये २००९ पासून राष्ट्रीय जाळे एका खासगी कंपनीकडे आहे आणि तिच्यात चीनच्या सरकारी जाळे कंपनीचे ४० टक्के भांडवल आहे. आपल्या सरकारने विकायचे आणि दुसऱ्याच्या सरकारने घ्यायचे, याला खासगीकरण म्हणावे तरी कसे? ब्रिटनचा अनुभव अधिक बोलका आहे. थॅचरबाईंच्या काळात आखलेल्या योजनेप्रमाणे १९९० साली जाळे सरकारी मालकीतून बाहेर पडले, १९९५ साली नॅशनल ग्रिड शेअर बाजारात आली. जगभरच्या अर्थमंत्र्यांना हा आदर्श दाखवला गेला. आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच ब्रिटनने जाळ्याचे नियोजन व संचालन करणारा भाग नॅशनल ग्रिडकडून सुमारे ६३ कोटी पौंडांना विकत घेऊन पुन्हा सार्वजनिक मालकीत आणला. तारा अजून कंपन्यांच्याच आहेत, परंतु तारा कोठे हव्यात हे तारांपासून नफा मिळवणाऱ्याने ठरवू नये, एवढे त्यांना चौतीस वर्षांनी पटले.

भारतात हा भाग सुदैवाने अजून सरकारकडे आहे. राष्ट्रीय भार प्रेषण पाहणारी संस्था २०१७ साली पॉवरग्रिडपासून वेगळी केली गेली आणि २०२२ पासून ती ‘ग्रिड इंडिया’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात कळव्याचे केंद्र महापारेषणच्या छत्राखाली चालत आले. ते स्वतंत्र सार्वजनिक संस्था म्हणून उभे करावे, ही मागणी डाव्या चळवळीने स्वतःहून केली पाहिजे. अन्यथा उद्या दुसरे कोणी ती वेगळ्या हेतूने करील. नव्या वाहिनीची गरज कोणी ठरवली, कोणत्या आकड्यांवर ठरवली आणि ती निविदेने द्यायची की कसे, हे आयोगापुढे जाण्याआधी मराठीत प्रसिद्ध झाले पाहिजे. महापारेषणला निविदेत उतरण्यापासून वा स्वतः काम करण्यापासून अडवून मग ‘सरकारी कंपनी कमी पडते’ असे म्हणण्याची चाल थांबली पाहिजे. आणि महापारेषणने तरी आपली कामे वेळेत पुरी केली पाहिजेत. अडीच-तीन वर्षांची वाहिनी सहा वर्षे रखडली तर तिची बाजू घेणाऱ्याला तोंड उरत नाही.

शेवटी मनोऱ्याखालची जमीन. विद्युत कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली पारेषण परवानाधारकाला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात. म्हणजे जमीन संपादन न करता, शेतकऱ्याची संमती न घेता, शेतात मनोरा रोवता येतो आणि पिकावरून तारा नेता येतात. तार खात्यासाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा आज नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती आहे. मोबदल्याबाबत केंद्राने ऑक्टोबर २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीच्या किमतीचे ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये ही प्रमाणे वाढवून पायासाठी २०० टक्के व पट्ट्यासाठी ३० टक्के करण्यात आली. पण या सूचना आहेत. मोबदला किती द्यायचा हे राज्याने ठरवायचे आहे आणि जिल्हाधिकाऱ्याने निश्चित केलेल्या दरावर सारे अवलंबून असते. जमिनीचा पैसा एकदाच मिळतो. वाहिनीचा आकार मात्र पंचवीस-पस्तीस वर्षे वसूल होत राहतो आणि त्यात या शेतकऱ्याचा वाटा नसतो. तारांखालच्या पट्ट्यात त्याला ऊस लावता येतो. घर बांधता येत नाही, उंच झाड ठेवता येत नाही. त्या पट्ट्याचे वार्षिक भाडे वाहिनीच्या मान्य खर्चात धरून शेतकऱ्याला द्यावे, अशी मागणी राज्य आयोगापुढे नेता येते. दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेण्याचे बंधन कायद्याच्या ६४ व्या कलमाने आयोगावर आहे. वितरणाच्या दरवाढीची सुनावणी असली की ग्राहक संघटना, उद्योजक, यंत्रमागधारक सारे जातात. पारेषणाच्या अर्जावर हरकत नोंदवायला मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून क्वचितच कोणी जाते. पुढचा अर्ज प्रसिद्ध होईल तेव्हा खानापूर तालुक्यातून निदान एक हरकत तरी गेली पाहिजे, आणि ती मागवाला व शेतकरी या दोघांच्या सहीने गेली पाहिजे.